माहेरच्या नावावर

जत्रेत गायींच्या मांडवाशेजारी राज्याच्या खजिन्याचं टेबल लागलं होतं. कुणीही यावं, आपलं नाव सांगावं. कधीकाळी विसरलेले पैसे सरकारकडे पडून असले, तर टेबलामागची कोरीन ते संगणकात शोधून द्यायची.

"बाबा, बघा तर," मार्लिस म्हणाली. "शेजारच्या ड्वेनला दोनशे डॉलर मिळाले."

"ड्वेन स्वतःचं डोकंसुद्धा कुठेतरी विसरून येईल. मी काही विसरत नाही," व्हर्नन स्टूर म्हणाला. तरी टोपी मागे सारून तो टेबलापाशी गेला.

त्याच्या नावावर काही निघालं नाही. "बघ, म्हटलं नव्हतं?"

"मग आईचं बघा."

आर्लीनला जाऊन दोन वर्षं झाली होती. आर्लीन स्टूर या नावावरही काही नव्हतं.

"माहेरचं आडनाव?" कोरीननं विचारलं.

"क्राटोकविल. पण लग्नानंतर ते तिनं कधी लावलं नाही."

कोरीननं एकेक अक्षर विचारून घेतलं. "हे काय, आहे की! विजेची जोडणी घेताना भरलेली अनामत, पंच्याऐंशी डॉलर. पत्ता लिंकन शहरातला, तिसऱ्या मजल्यावरचं घर. मार्च एकोणीसशे सत्त्याऐंशी."

"ही दुसरी कुणीतरी. सत्त्याऐंशीत आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. लिंकनला आमचं कुठलं घर?"

कोरीननं जन्मतारीख विचारली. जुळली.

मार्लिस मघापासून कणीस खात होती. ती थांबली. "बाबा, मी ते घर पाहिलंय."

व्हर्नननं मान वळवली.

"आम्ही दोघी आजीकडे जातोय, असं आईनं तुम्हाला सांगितलं होतं. आजीकडे गेलोच, पण मधे एक दिवस लिंकनला. घर रिकामं होतं. खिडकीपाशी उभी राहून ती म्हणाली, तुझा पलंग इथे लावू."

त्या वर्षीचा हिवाळा व्हर्ननला आठवला. सबंध हिवाळा तो आर्लीनशी बोलला नव्हता. कशावरून, ते मात्र आता आठवेना.

"मग परत का आलात?"

"मला काय माहीत, बाबा? सहा वर्षांची होते मी. खाली येऊन ती गाडीत बराच वेळ नुसती बसली. मग गाडी सुरू केली."

"मला कधी सांगितलं नाही तिनं."

"मला म्हणाली होती, बाबांना सांगू नकोस. पुढे मी विसरूनच गेले."

"आणि घरी आलात तेव्हा? मी काय केलं?"

मार्लिस आठवत राहिली. "तुम्ही दारात आलात. आईच्या हातातली बॅग घेतलीत आणि विचारलंत, रस्त्यात बर्फ होतं का."

"एवढंच?"

"एवढंच. आई म्हणाली, थोडं होतं."

पलीकडे कुणाच्या तरी गायीला बक्षीस मिळालं. टाळ्या वाजल्या. व्हर्ननच्या मागे तिघंजण रांगेत उभे होते.

"सोडून द्या, बाबा," मार्लिस हळूच म्हणाली. "पंच्याऐंशी डॉलरचं काय एवढं?"

"नाही. तिचे आहेत ते."

त्यानं खिशातून चष्मा काढला आणि अर्ज भरायला घेतला. 'मालकाशी नातं' या रकान्यात त्यानं 'नवरा' लिहिलं. लिहिलेल्या शब्दाकडे थोडा वेळ पाहिलं आणि खाली सही केली.

कोरीननं अर्ज वाचला. सगळं तिच्या कानांवर पडलं होतं. तिनं आवाज जरा खाली आणला.

"एक कागद कमी पडतोय, मिस्टर स्टूर. तुमच्या पत्नी त्या पत्त्यावर राहिल्या होत्या, असं दाखवणारा. जुनं पत्र, पावती, काहीही चालेल."

"तिथे ती राहिलीच नाही," व्हर्नन म्हणाला. "माझ्याजवळ राहिली. त्याचा कागद चालतो का?"