बुलाकच्या पोटात काय गेलं

फेलिसाने कोंबडीची चोच उघडून आत नाक घातलं. वास आला नाही. विषाला वास नाही म्हणजे ते भारीतलं असणार, असं तिला वाटलं आणि तिने कुंपणापलीकडे जळजळीत नजर टाकली.

बुलाक तिच्या मांडीवर मान टाकून पडली होती. तुरा फिका पडला होता, डोळे अर्धे मिटलेले. फेलिसाने गळ्याखालची पिशवी चाचपली. ती मऊ होती, दाणा अडकलेला नव्हता. मान वाकडी झाली नव्हती, म्हणजे मानमोडी नाही. नाकही वाहत नव्हतं. बाकीच्या कोंबड्या घराखालच्या धुळीत मजेत उकरत होत्या. साथ असती तर ती एकट्या बुलाकवरच कशी आली असती?

बुलाक सासूची लाडकी. खांबांवरच्या त्या घरात सासू, नानाय पुरिंग, दिवसभर खिडकीशी बसून असायची आणि जेवताना जमिनीतल्या बांबूच्या कामट्यांच्या फटींतून भाताची शितं खाली सोडायची. खाली बुलाक चोच वर करून हजर. म्हातारीचे पाय सुजले होते, दोन पावलं टाकली की दम लागायचा. डॉक्टरने औषध वाढवलं तरी सूज तसूभर हलत नव्हती. तिचा मुलगा, फेलिसाचा नवरा रोदेल, जहाजावर नोकरीला. "नानायला सांभाळ," एवढंच तो दर फोनला म्हणायचा, आणि फेलिसा जिवाचं रान करत होती. आता कोंबडी गेली तर म्हातारी हाय खाणार, जेवण सोडणार, आणि मग रोदेलला कुठल्या तोंडाने सांगायचं, याची तिला धास्ती होती.

विषाचा विषय काढला तो नानायनेच.

"तिला कोणीतरी काहीतरी घातलंय," आदल्या दिवशी ती म्हणाली होती.

"कोणी?"

"नाव कशाला घेऊ? ज्याचं त्याला ठाऊक." आणि तिने खिडकीबाहेर तोंड फिरवलं होतं.

खिडकीबाहेर शेजारच्या तेसिंगचा कांद्याचा वाफा होता. बुलाकने तो उकरून ठेवला होता, आणि एक दिवस हिला कापून हिचा आडोबो शिजवून खाते, असं तेसिंगने साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं. फेलिसाला आणखी काय पुरावा हवा होता?

"मानांग तेसिंग!" ती कुंपणाशी जाऊन ओरडली. "मुक्या जिवाने तुमचं काय घोडं मारलं होतं? कांद्यांपायी विष घातलंत?"

तेसिंग खुरपं हातात घेऊन उठली. "अगं बये, मला हिचा आडोबो खायचाय! विष घातल्यावर मी काय खाऊ, तुझं डोकं?"

बोलता बोलता तेसिंग कुंपण ओलांडून आलीसुद्धा. तिने कोंबडी हिसकावून घेतली, उलटी केली, शेपटीखालची पिसं बाजूला सारली. पिसं ओलीचिंब होती. फेलिसा तिच्या बोटांवर डोळा ठेवून होती. बाईचा काय नेम!

"ही शीट आहे का? नुसतं पाणी," तेसिंग म्हणाली. "फार पाणी पिते का गं ही?"

"भांडंच्या भांडं रिकामं करते."

"आणि तेवढंच बाहेर टाकते. अंगात थेंब राहत नाही हिच्या, उठणार कशी? खायला काय घालतेस?"

"बाकीच्यांना घालते तेच."

"बाकीच्या तर टुणटुणीत आहेत. ही आणखी काहीतरी खातेय. माझ्या तोंडाकडे काय बघतेस? हिच्यावर नजर ठेव."

तोपर्यंत न्याहारीची वेळ झाली होती. फेलिसा वर गेली. सासूला भात आणि सुकी मासळी वाढली. म्हातारीच्या बोटांना औषधाचं पाकीट फुटत नसे, म्हणून रोजच्यासारखी गोळी सोलून तिच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला जवळ सरकवला आणि खाली येऊन तेसिंगशेजारी उकिडवी बसली.

वरून शितं पडली. बाकीच्या कोंबड्या धावल्या, बुलाक जागची हलली नाही. मग फटीतून पांढरं काहीतरी टपकन तिच्या पुढ्यात पडलं. तिने मान लांबवली. फेलिसाने झडप घालून ते उचललं.

गोळी होती. अंगातलं पाणी उतरावं, पायांची सूज जावी म्हणून डॉक्टरने नानायला दिलेली. कोरडी ठणठणीत.

तेसिंगने गोळीकडे बघितलं, कोंबडीकडे बघितलं. "बाई, बाई, बाई," एवढंच ती म्हणाली.

फेलिसा शिडी चढून वर गेली. तिला राग आला होता, पण त्याहून जास्त हायसं वाटत होतं. गोळी बंद झाली की कोंबडी वाचणार होती. गोळी पोटात गेली की म्हातारीची सूज उतरणार होती. समोर बसून तिला ती गिळायला लावायची, की झालं. तेसिंगची माफी मागायची राहिली होती, तीही आज मागून टाकायची.

"नानाय, हे काय?" तिने तळहात पुढे केला. "कडू लागत होती तर मला सांगायचं ना! बुलाकला हीच बाधली. हिच्यामुळेच ती अशी झालीय."

नानाय दचकली नाही, ओशाळलीही नाही. तिने गोळीकडे बघितलं, मग सुनेच्या डोळ्यांत बघितलं. इतक्या दिवसांत तिने तसं बघितलं नव्हतं.

"तेच तर मी सांगत होते," ती शांतपणे म्हणाली. "कोंबडीची ही गत झाली. मी खाल्ली असती तर माझं काय झालं असतं, फेलिसा?"