रस्ता बंदच राहू दे

वर जायचा रस्ता बंद झाल्याचं ड्रायव्हरनं सांगितलं आणि अस्मिताला इतकं हलकं वाटलं, की हसू लपवायला तिला खिडकीकडे तोंड फिरवावं लागलं. बाहेर बर्फ भुरभुरत होता. मनालीच्या वरच्या ज्या उतारावर पायांना फळ्या बांधून सगळ्यांनी घसरायचं होतं, तो उतारच दिसेनासा झाला होता.

"अरेरे," ती म्हणाली. जरा जास्तच मोठ्यानं.

"वैनी, काळजी करू नका. उद्या उघडतोय की!" सयाजीनं धीर दिला.

सयाजी म्हणजे कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या फुटबॉल संघाचा गोलकीपर आणि अस्मिताच्या नवऱ्याचा, उन्मेषचा, लंगोटीयार. ही सहल त्याचंच खूळ. मॅच जिंकल्यावर मिसळ खाता खाता तो म्हणाला होता, "पन्हाळ्याला किती वेळा जायचं रं? बर्फात घसरायला जाऊया." उन्मेष म्हणाला, "जाऊया की!" त्यांचा तिसरा दोस्त धैर्यशील म्हणाला, "त्यात काय!" सयाजीच्या बायकोनं, क्रांतीनं, तर लगेच टोप्यांचा रंग ठरवला. मग अस्मिता एकटी नाही कशी म्हणणार? आधीच तिच्या औषधांच्या पेटीवरून सयाजीनं तिचं नाव 'सिव्हिल हॉस्पिटल' ठेवलं होतं.

पण तिची मुलगी इरा सहा वर्षांची होती. घरातल्या सपाट फरशीवरसुद्धा ती रोज एकदा पडायची. उतारावर माणसं कशी आपटतात याचे व्हिडिओ अस्मितानं इतके पाहिले, की तिच्या फोनवर हाडांच्या दवाखान्यांच्या जाहिराती यायला लागल्या. शेवटी निघायच्या आदल्या दिवशी तिनं अंबाबाईला गुपचूप साकडं घातलं. "आई, कुणाला काही न होता ही सहल रद्द होऊ दे. खणानारळानं ओटी भरीन."

देवीनं ते फारच मनावर घेतलं. पुण्याचं विमान धुक्यानं अडकलं. दिल्लीच्या पुढं बसचं इंजिन ऊसही नसलेल्या कुठल्याशा रानात बंद पडलं. सगळ्यांचे हातमोजे आणि टोप्या भरलेली पिशवी वाटेत हरवली. ती उन्मेषच्या ताब्यात होती, म्हणून सगळ्यांनी त्याला धुतला. आणि आता हा बर्फ. दर वेळी 'अरेरे' म्हणताना अस्मिता मनातल्या मनात देवीला सांगत होती, बास गं आई, एवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलातली वीजही गेली. सगळे एका खोलीत शेगडीभोवती बसून चहा पीत होते. जो तो दुसऱ्यापेक्षा जास्त हळहळत होता. "नशिबातच न्हाय," असं सयाजी म्हणतोय तोवर त्याचा फोन वाजला. त्याच्या आई, धोंडुबाई. फोन स्पीकरवर नव्हता. धोंडुबाईंना त्याची गरज नव्हती.

"काय रं सया, झाला का रस्ता बंद? मी म्हनलं नव्हतं, अंबाबाई ऐकतीया म्हून! तू सांगितलंस तशी ओटी भरून आले बघ. आता निवांत परत या. उगं तंगडं मोडून घेशील!"

सयाजीनं फोन कानाशी इतका घट्ट दाबला, की त्याचा कान लाल झाला. पण खोलीभर ऐकू गेलं होतं.

आधी क्रांती हसली. मग हसता हसता म्हणाली, "माझे तर शुक्रवारचे उपास चाललेत. ह्याच्यासाठीच." धैर्यशीलनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. गुडघ्याला ताण देऊ नये, असं डॉक्टरकडून लिहून आणलं होतं. "वेळ पडलीच तर म्हणून."

सगळे उन्मेषकडे बघायला लागले. त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"पिशवी हरवली न्हाय," तो म्हणाला. "मुद्दाम ठेवून आलो."

मग अस्मितानंही सांगून टाकलं. शेगडीपेक्षा जास्त ऊब त्या हसण्यानं आली. सयाजी डोळे पुसत म्हणाला, "म्हंजे वैनी, सिव्हिल हॉस्पिटलात आमी सगळंच ॲडमिट हाय की!" इतक्या दिवसांत पहिल्यांदाच अस्मिताच्या खांद्यांमधला ताण गेला. इरा तिच्या मांडीवर बिस्कीट खात होती. हात धड, पाय धड.

तेवढ्यात दारात ड्रायव्हर आला. टोपीवरचा बर्फ झटकत म्हणाला, "रास्ता खुल गया, साहब. चलें ऊपर?"

हसू विझलं. सयाजी शेगडीत बघत राहिला, धैर्यशील गुडघा चोळायला लागला. ड्रायव्हरनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि समजुतीनं म्हणाला, "डर लग रहा है तो कोई बात नहीं. नीचे ले चलता हूँ."

अस्मिताच्या जिवात जीव आला. किती साधं होतं! एकानं नुसती मान हलवायची, की संध्याकाळच्या आत सगळे खाली. कुणीतरी हलवेलच.

"डर?" खोलीत आवाज घुमला. खणखणीत, चक्क पेठेतला. "कुनाला डर? कोल्हापुरातनं आलोय आमी! काढ गाडी!"

सगळ्यांनी चमकून अस्मिताकडे पाहिलं. कोण बोललं ते बघायला अस्मितानंही मागं वळून पाहिलं. मागं नुसती भिंत होती.