बाबांची लिंक

चहा निवला तरी टिंग वाजलं नाही. केतकीने मोबाइल पुन्हा उचलून पाहिला.

एपीआय, म्हणजे सर्व्हरकडून हवी ती माहिती मागवायचं कोडिंग, शिकताना तिने गंमत म्हणून बाबांसाठी एक लिंक केली होती. ती उघडली की सर्व्हर बाबांना तिच्या वतीने एकच ओळ पाठवायचा, ‘मी ठीक आहे, बाबा’, आणि इकडे पुण्यात तिचा मोबाइल टिंग वाजायचा. कोल्हापुरात एकटे राहणारे बाबा ती रोज सकाळी उघडायचे. फोन करून पोरीच्या कामात कशाला व्यत्यय आणायचा, म्हणून.

आज काहीच नाही. तिने फोन लावला, नुसती रिंग जात राहिली. शेजारच्या काकू म्हणाल्या, दाराला कुलूप आहे. मीटिंगमध्ये कोण काय बोलतंय, तिला कळेना. शेवटी तिने सर्व्हरवरच्या नोंदींचा लॉग उघडला. बाबांची जुनी लिंक सकाळपासून कितीदा तरी उघडून पाहिली गेली होती. आणि काल कोड आवरताना सगळ्या लिंकची नावं तिनेच बदलली होती. बाबांचीसुद्धा.

तेवढ्यात बाबांचाच फोन आला. मागे एसटीची घरघर.

“अगं, तुझा फोन आत्ता दिसला. तुझ्या लिंकवर सकाळपासून ‘नॉट फाउंड’ येतंय. फोन करणार होतो, पण म्हटलं, तू कामात असशील. मग एसटीच धरली. साताऱ्याच्या पुढं आलोय बघ.”