पेशींचा उपास

“सर, वाढीचा सिग्नल दिलाच नव्हता, तरी पेशींवरचा रिसेप्टर जागा झालाय!” फिल्म उजेडाकडे धरून शाल्मली जवळजवळ ओरडलीच. फिल्मवर त्याची खूण म्हणून ठसठशीत काळी पट्टी उमटली होती. असं कधी कुणी पाहिलं नसणार! शोधनिबंधाचं नावसुद्धा तिनं मनातल्या मनात ठरवून टाकलं.

निवृत्तीनंतरही रोज लॅबमध्ये डोकावणाऱ्या सरांनी उगाचच चष्मा पुसायला घेतला. रिसेप्टर नेमका कोणत्या सिग्नलनं जागा होतो हे कळायचं, तर पेशींना आधी रात्रभर उपाशी ठेवायचं, अजिबात दयामाया दाखवायची नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. ती तर पेशींबरोबर स्वतःही उपाशी राहायची. निकाल येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

“परवा जाता जाता इन्क्युबेटर उघडला होता,” सर पुटपुटले. “फार मलूल दिसल्या गं. थोडं सीरम घातलं खायला.”

“सर! सीरममध्येच तर ते सगळे सिग्नल असतात!”

“हो ना. रिटायर झालं की माणसाचा आजोबा होतो.”

शोध गेला पाण्यात. फुरंगटलेल्या शाल्मलीनं संध्याकाळी नव्या पेशी उपाशी ठेवल्या आणि डिशवर पट्टी चिकटवली : ‘यांचा कडक उपास आहे. सर, कृपया भरवू नये.’

सकाळी पेशींना कुणी हात लावलेला नव्हता. तिच्या टेबलावर मात्र साबुदाण्याच्या खिचडीचा गरम डबा होता. झाकणावर तशीच पट्टी, अक्षर सरांचं : ‘उपासाचीच आहे. हिला भरवलं तर चालेल ना?’