शेवटची क्लिप

भर दुपारी वायरमन शिडीवर चढला. बोळीच्या छताला ओळीने दिवे होते आणि दिव्यांमधली उघडी केबल जुन्या क्लिपा गळून पडल्याने लोंबत होती. त्याने पहिल्या दोन दिव्यांमध्ये क्लिपा ठोकल्या. तिथली केबल ताठ झाली, पण पुढची एकदम हातभर खाली आली, जणू कुणीतरी सरकून तिकडे बसलं.

तो शिडी पुढे नेत गेला. झोळही पुढे पुढे सरकत गेला.

"काका, शेवटची क्लिप राहू द्या," घरमालकीण दारातूनच म्हणाली. "आधीच्या वायरमननेही तेवढी सोडली होती."

"अर्धवट काम सोडायची सवय नाही मला, ताई."

त्याने ती ठोकली. केबल पट्टीसारखी सरळ झाली.

समाधानाने त्याने खालच्या पायरीवर पाय ठेवला आणि शिडी दोघांच्या वजनाने करकरली.