पिंपावरच्या बायका

औषध कालवणाऱ्या बायका तीन, आणि तिघींच्याही नावापुढे मुलांच्या रकान्यात शून्य. दापोलीहून फवारणीच्या औषधांच्या पाहणीला आलेल्या दमयंतीबाईंनी कागद पुन्हा वरपासून वाचला.

"तिघींनाही मूल नाही?" त्यांनी विचारलं.

पडवीत सुपारी कातरत बसलेल्या गोदाआजींना हसू आलं. एवढ्या शिकलेल्या बाईला इतकी साधी गोष्ट कळू नये, याची त्यांना गंमत वाटली.

"नाय म्हणून तर त्या पिंपावर," त्या म्हणाल्या. "लेकुरवाळीला कोण बसवील त्या वासात? अंगावर पिणारा पोर, उद्या ओकाय लागला तर? जिला पोर नाय तिनं कालवायचा. आमच्या वाडीची रीतच हाय ती."

रीत शहाणपणाची आहे, याबद्दल वाडीत कुणालाच शंका नव्हती. आंब्याची कलमं मोहोरली की बाप्ये झाडावर चढून फवारत आणि खाली एक बाई पिंपात औषध कालवून देई. काठीने कालवलं तर भुकटीचे गोळे तळाशी राहतात आणि नळी तुंबते, म्हणून हात कोपरापर्यंत आत घालायचा. गोदाआजींच्या कलमांत हे काम त्यांची सून सगुणा करायची. यंदाचा, सत्त्याऐंशी सालचा मोहोरही तिच्याच हातच्या औषधावर उभा होता.

सगुणा दाराआड उभी राहून ऐकत होती. येत्या गुरुवारी तिचा नवरा काशीराम दुसरी मुलगी बघायला जाणार होता. सहा वर्षांत नवस झाले, उपास झाले, दोन देवांचे कौल लावून झाले. आता सासूबाईंची सबुरी संपली होती. काशीराम स्वभावाने वाईट नव्हता. फक्त आईपुढे त्याचं तोंड उघडत नसे, आणि न बोलणाऱ्याचा चांगुलपणा सगुणाच्या काही उपयोगाचा नव्हता. आताही तो खांबाला टेकून, नळीला तार गुंडाळत बसला होता.

"रीत कळली आजी," दमयंतीबाई म्हणाल्या. "पण एक गोष्ट मला सगुणाताईंनाच विचारायचीय."

सगुणा पदर सावरत बाहेर आली.

"लग्न कुठल्या महिन्यात झालं तुमचं?"

"मार्गशीर्षात. सहा वर्सा झाली."

"आणि पिंपावर कधीपासून बसता?"

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. माहेरी कुणाला मूल नव्हतं का, लहानपणी कुठे पडली होती का, पाळी वेळेवर येते का, सगळं विचारून झालं होतं. तिनं मनाशी मोजलं.

"त्याच सालच्या पौषात," ती म्हणाली. "हातावरची हळद गेली नव्हती."

"म्हणजे लग्नानंतर महिन्याभरात. तेव्हा तुम्हाला मूल नाही हे कुणी ठरवलं?"

"त्यात ठरवायचा काय?" गोदाआजी मध्येच म्हणाल्या. "महिन्याची नवरी ती. तिला कुठनं पोर असणार?"

बाईंनी कागदावरच्या उरलेल्या दोघींची नावं वाचली. धोंडूची चंपा आणि गंगारामची मैना.

"त्यापण नव्या आल्या तवाच बसल्या," सगुणा म्हणाली.

काशीरामने तार खाली ठेवली. "मंग औषधानंच झाला म्हणायचा का हा?"

सगुणाला वाटलं, बाईंनी हो म्हणावं. एकदाच म्हणावं, सासूबाईंच्या समोर म्हणावं, मग खरं असो की खोटं.

"तसं मी म्हणणार नाही," दमयंतीबाई म्हणाल्या. "तीन बायकांवरून काही ठरत नाही. शरीरातले जे रस पाळी आणि गर्भ सांभाळतात, त्यांत ही औषधं ढवळाढवळ करतात का, तेच आम्ही शोधतोय. अजून पुष्कळ गावं फिरायचीत. आणि काशीरामभाऊ, फवारा तुमच्याही अंगावर पडतो. रत्नागिरीच्या दवाखान्यात जाऊन दोघांनीही तपासून घ्या."

सगुणाला बाईंचा राग आला. त्यांचं शोधून होईपर्यंत किती गुरुवार जाणार होते, कोण जाणे.

गोदाआजींना मात्र हायसं वाटलं. "बघितलास?" त्या मुलाला म्हणाल्या. "ह्यांनापण ठाव नाय. बाप्याला कसली तपासनी? पावन्यांना शब्द दिलाय, गुरवारी जायचा म्हणजे जायचा." बाईंसाठी चहा टाकायला त्यांनी सुनेला आत पिटाळलं.

सगुणा गेली नाही. सहा वर्षांत सासूबाईंपुढे तिनं कधी आवाज चढवला नव्हता, आजही चढवला नाही.

"जाऊदे त्यांना, आये," ती म्हणाली. "पोरगी आवडली तर आनादेत. मी काय आडवी येत नाय."

"मंग झाला तर!"

"पन पुढच्या मोहोराला पिंपावर तुमी तिलाच बसवाल. नवी नवरी ती. तिलापण पोर नसंल."