दक्षिणेचं पाणी

"भोकं नकोत," हरिहरपंत म्हणाले. "मागच्या वेळी ठेवली, त्याचा उपद्रवच झाला. आता सलग भिंत हवी."

धाकू कंत्राटदाराने मान डोलावली. तो माजिवड्याचा. त्याच्या घरची भातशेती होती. ठाण्याच्या आसपास नवी घरं उठू लागली तसा तो बांधकामं घेऊ लागला होता. हरिहरपंतांच्या परसात दगडांचा ढीग पडला होता. घराच्या मागच्या खोलीची एक बाजू अजून त्या ढिगाखालीच होती. वर टेकडी उघडी पडली होती आणि तिची चिकणमाती उन्हात ओली, चकचकीत दिसत होती.

"भित परली कशी पन?" धाकूने विचारलं.

वसाहतीतली मंडळी एकमेकांकडे बघू लागली. सरोज उभी होती तिकडे कुणी पाहिलं नाही.

"एका गृहस्थांनी पहारीने कोरली," हरिहरपंत म्हणाले. "नको तिथे हात घालायची सवय. खोलीत त्या वेळी कुणी नव्हतं, देवानेच राखलं. असो. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये."

ते गृहस्थ सरोजचे वडील. श्रावणात ही भिंत त्यांच्या अंगावर कोसळली. दगड उपसले तेव्हा हाताशी पहार सापडली आणि तेवढ्यावरून सगळ्यांनी निकाल लावून टाकला. अप्पांनी भिंत पाडली, स्वतःही गेले. समाचाराला येणारेही हेच बोलत, फक्त आवाज खाली आणून. सरोजने ऐकून घेतलं होतं. आज मात्र ती न बोलावता आली होती.

या वसाहतीतल्या सगळ्या घरांची पाठ टेकडीला, म्हणजे दक्षिणेला. मातीत मुरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून पहिल्या भिंतीत भोकं ठेवली होती. पहिल्याच पावसाळ्यात परसापरसातून गढूळ पाणी झिरपू लागलं. दक्षिणेकडून घरात पाणी येतं, ही यमाची दिशा, असं कुणीतरी म्हणालं. चांगली शिकलेली, कचेरीत हाताखाली माणसं असलेली मंडळी घाबरली. घराचा गिलावा पुरा करायला ज्यांना सिमेंटचं परमिट मिळत नव्हतं, त्यांनीच कुठून कुठून सिमेंट पैदा करून भोकं बुजवली. अप्पांनी तेवढी आपल्या मागची बुजवली नाहीत.

"आमच्या मागची भिंत बघा," सरोज धाकूला म्हणाली. "तिची भोकं उघडी आहेत. एक दगड हललेला नाही."

घर शेजारचंच. सगळे गेले. भिंत सरळ उभी होती. भोकांखाली शेवाळ्याचे ओघळ होते आणि त्यांवरून अजून थेंब उतरत होते. धाकूने भिंतीवर थाप मारली.

"ही बरी हाय."

आता तरी यांना दिसेल, असं सरोजला वाटलं.

"मी तेच म्हणतो," हरिहरपंत शांतपणे म्हणाले. "दक्षिणेचं पाणी तुम्ही येऊ दिलंत. मग माणूस कुणाच्या घरातला गेला?"

सोसायटीचे सेक्रेटरी आनंदराव यांनी मान डोलावली. मागून कुणीतरी "खरं आहे" असंही म्हणालं. सरोजने धाकूकडे पाहिलं.

"माझ्याकरं नका बगू, ताई," तो म्हणाला. "भोकां पायजे त भोकां, नको त नको. भित तुमची, यम पन तुमचाच."

दोघंतिघं हसले.

बोलणं पक्कं करायला मंडळी पुन्हा हरिहरपंतांच्या परसाकडे निघाली. त्या परसाला बाहेरून वाट नव्हती. स्वयंपाकघर ओलांडूनच मागे जावं लागे. हरिहरपंतांच्या पत्नी कमळाबाई तांब्या घेऊन दाराशी उभ्या होत्या आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या पायांवर पाणी घालत होत्या. सरोजच्या पायांवर पाणी पडलं आणि ती तिथेच थांबली.

"काका, त्या दिवशी अप्पा मागे कसे गेले?"

"कसे म्हणजे?"

"इथूनच गेले असणार. पाय चिखलाचे, हातात पहार. तुमच्या स्वयंपाकघरातून. त्यांना दार कुणी उघडलं?"

"मी पूजेला बसलो होतो," हरिहरपंत म्हणाले. "घुसले असतील. तुझ्या वडिलांना कशाचा धरबंध होता?"

"घुसले?" सरोजचा आवाज चढला नाही. "संक्रांतीचा तिळगूळ द्यायचा तरी अप्पा तुमच्या उंबऱ्याबाहेर उभे राहायचे. आयुष्यात कुणाच्या चुलीपर्यंत ते गेले नाहीत. आणि तुम्ही म्हणता, घुसले?"

"जाऊ दे, सरोज," आनंदराव मध्ये पडले. "आता उकरून काय मिळणार?"

"माझे वडील मिळणार नाहीत. पण ते चोरासारखे कुणाच्या घरात घुसले, असं मी म्हणू देणार नाही."

हरिहरपंतांनी उपरणं सारखं केलं आणि धाकूला मागे चलायची खूण केली. तो मात्र जागचा हलला नाही.

कमळाबाईंनी तांब्या खाली ठेवला. चारचौघांत त्या कधी बोलत नसत. आत्ताही नवऱ्याकडे न बघता त्या सरोजशीच बोलल्या.

"दार मी उघडलं, सरोज. मागच्या खोलीत आमची सून बाळंतीण होती, आणि भिंतीला हे एवढं पोट आलेलं. यांना सांगितलं, तर भटजींना विचारून घेतो म्हणाले. मग मीच तुझ्या अप्पांना हाक मारली. म्हणाले, 'वहिनी, पोरीला नि बाळाला आधी पुढच्या खोलीत न्या. तोवर बुजवलेली भोकं मी पहारीने मोकळी करतो.'"